दारात असणारं कुत्रं

माणूस आणि कुत्रा यांची सोबत हजारो वर्षांची आहे. रानातला लांडगा शेकोटीच्या उबेला आला, माणसानं त्याच्यापुढं हाडूक टाकलं, आणि तेव्हापासून सुखदुःखात दोघांनी एकमेकांची साथ सोडलेली नाही. वाशी तालुक्यातल्या चिंचलोंढी गावानं मात्र ती सोडलेली असून, तसं ग्रामपंचायतीचं शिक्क्यानिशी पत्र आहे. 'मौजे चिंचलोंढी येथील पाळीव श्वानांची संख्या निरंक आहे,' असं त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. हे पत्र लिहिलं जात असताना टेबलाखाली एक कुत्रं झोपलेलं होतं आणि पत्र लिहिणाऱ्यानं त्याच्या अंगावर पाय ठेवले होते, कारण थंडीचे दिवस होते.

या निरंकाचं मूळ चार वर्षांपूर्वीच्या एका पोटरीत आहे. पोटरी तलाठ्याची होती. चावा घेतल्यावर तलाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ग्रामपंचायतीत येऊन बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुत्रं कुणाचं?"

कुत्रं श्रीमंतरावांचं होतं. त्याचं नाव टायगर. पिल्लू होतं तेव्हा श्रीमंतरावांनी त्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून लातूरहून आणलं होतं आणि सहा महिने म्हशीचं दूध पाजलं होतं. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाकडं बघावं तसं श्रीमंतरावांनी टायगरकडं बघितलं आणि म्हणाले, "काय की बा. दारात असतंय."

गावाला हा शब्दप्रयोग फार आवडला. त्यात खोटं काहीच नव्हतं. कुत्रं दारातच असतं. त्याला नाव असतं, ताटली असते, सणाला त्याच्या वाटची पोळी असते, पण ते आपलं नसतं. नुसतं असतं. त्या दिवसापासून चिंचलोंढीत कुत्रं पाळणं बंद झालं आणि कुत्री होती तिथंच राहिली.

श्रीमंतरावांच्या शब्दाला गावात वजन होतं. सरपंच खरं तर त्यांच्या पत्नी वर्षाराणी होत्या. कारभार श्रीमंतराव बघत. वर्षाराणींची सहीसुद्धा तेच करत, आणि ती त्यांना वर्षाराणींपेक्षा चांगली येई.

तर या गावात जानेवारी महिन्यात 'पाळीव श्वान जंतनिर्मूलन पंधरवडा' येऊन पोचला. तो राबवायचं काम शिवप्रसाद यांच्याकडं होतं. ते जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गाव त्यांना डॉक्टर म्हणे. त्यांनी दोनदा दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिली. ते उमरग्याकडचे, घरात कन्नड बोलत आणि मोजायचं झालं की ओठातल्या ओठात कन्नडमध्येच मोजत. त्यांच्याकडं जिल्ह्याहून गोळ्यांचं एक सीलबंद खोकं आलं होतं. सोबतच्या परिपत्रकात दोन अटी होत्या. एक, गोळी फक्त पाळीव श्वानास द्यावी. दोन, एका गावात किमान दहा पाळीव श्वानांची नोंद झाल्याखेरीज खोकं फोडू नये. न झाल्यास सील शाबूत ठेवून परत करावं.

शिवप्रसाद फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाले. पहिलं घर महालिंगप्पांचं, म्हणजे किराणा दुकान. तांदळाच्या पोत्याला टेकून एक पांढरं कुत्रं बसलं होतं.

"अप्पा, हे कुत्रं तुमचं ना?"

"न्हाय हो डॉक्टर. दारात असतंय."

"पण हे दुकानाच्या आत आहे."

"आमचं दार आत उघडतंय," महालिंगप्पा म्हणाले.

पुढच्या घरी धुरपदाबाईंनी मांडीवरचं पिल्लू खाली ठेवलं आणि ते आपलं नसल्याचं सांगितलं. पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा होता.

"मग हा दोरा कुणी बांधला, आजी?"

"म्याच बांधला. नजर लागंल की लेकराला. दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं?"

"दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?"

"त्ये काय ठावं न्हाय."

दुपारपर्यंत शिवप्रसादांनी ओंदु, एरडु, मूरु करत एकोणीस कुत्री मोजली; एकोणिसावं गावाबाहेर, कुलूप लावलेल्या घरापुढं झोपलेलं होतं. मालक एकही भरला नाही. श्रीमंतरावांनी त्यांना चहा पाजला आणि निरंकाचं पत्र हातात दिलं. "तुमचंबी काम हलकं झालं," ते म्हणाले. "खोकं फोडायची कटकट न्हाय."

पंधरवडा शनिवारी संपत होता. शिवप्रसाद बुधवारी दवाखान्यात बसून खोक्यावर परतीचा पत्ता लिहीत असताना दारात म्हाळसाबाई येऊन उभी राहिली.

म्हाळसाबाई गावाबाहेर गायरानालगत राहायची. मुलगा मल्हार आणि सून श्रीदेवी मेंढरं घेऊन परंड्याकडं चारणीला गेलेली. नात समृद्धी अंगणवाडीत होती, म्हणून आजीपाशी ठेवलेली. घरात तिसरा सायब. हे त्यांच्या कुत्र्याचं नाव. तो अकराशिवाय उठत नसे आणि उठला की आधी जेवायला जाई, म्हणून मल्हारनं ते ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी म्हाळसाबाईच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी जड लागायला लागलं होतं. कुणी पित्त म्हणालं, कुणी करणी. सोलापूरला पोट उघडलं तेव्हा नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली आणि त्या गाठीत द्राक्षांएवढ्या आणखी गाठी. सर्जननं ते सगळं बरणीत घालून तिला दाखवलं आणि समजावून सांगितलं. मेंढरू कापलं की त्याच्या आत अशाच गाठी असतात. त्या लोक कुत्र्यापुढं टाकतात. कुत्र्याच्या पोटात त्यांचे जंत होतात. जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना लागतात, तिथून हाताला आणि हातातून तोंडात. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि गाठ वाढायला वर्षं लागतात.

गावी आल्यावर तिनं हे सगळ्यांना सांगितलं. गाठ काळजाला होती, असं ती म्हणाली. काळीज म्हणजे तिच्या लेखी मेंढराच्या पोटात असतं ते, यकृत. गावाच्या लेखी काळीज म्हणजे प्रेमात पडल्यावर धडधडतं ते. "कुत्रं न चावता काळजापर्यंत पोचलंच कसं?" असा प्रश्न बारावी सायन्स झालेल्या श्रीमंतरावांनी विचारला आणि विषय संपला.

म्हाळसाबाईचा संपला नव्हता. समृद्धी साडेपाच वर्षांची होती आणि सायबाच्या मानेत तोंड खुपसून बसायची. एकाच ताटात दोघं जेवायची; एक घास तिचा, एक त्याचा. म्हाळसाबाईनं मारून पाहिलं, समजावून पाहिलं. आता एकच राहिलं होतं.

"डाक्टर," ती म्हणाली, "सायबाला गोळी द्या."

शिवप्रसादांनी मान वर केली. "कोणत्या साहेबांना?"

"आमच्या. कुत्र्याला. त्यो माझा हाय. लिवा."

चिंचलोंढीत चार वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. शिवप्रसादांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, तुमचा एक धरला तरी दहा होत नाहीत. दहा झाल्याशिवाय मला खोकं फोडता येत नाही."

"एकच गोळी काढा. मागनं चिकटवा."

"सील आहे."

"कुत्री तर एकोणीस हायत गावात."

"कुत्री आहेत. मालक नाहीत."

म्हाळसाबाई उंबऱ्यावर बसली. थोडा वेळ तिनं खोक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नातीच्या पोटात नारळ व्हायला किती सालं लागतील, डाक्टर?"

शिवप्रसादांना दहाबारा असं उत्तर माहीत होतं. त्यांनी टेबलावरचं परिपत्रक पुढं ओढलं.

"मग सगळी माझ्याच नावावर लिवा," ती म्हणाली.

शिवप्रसादांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. श्वान किमान दहा असावेत असं त्यात होतं. मालक किती असावेत, हे लिहायचं राहून गेलं होतं.

नोंदणी गुरुवारी सकाळी झाली. मोबाईलवरच्या ॲपला मालक आणि श्वान एका फोटोत लागत होते, दोघांचेही डोळे उघडे. म्हाळसाबाई पाटीत भाकरीचे तुकडे घेऊन गावातनं फिरली. कुत्री येत गेली, ती शेजारी बसत गेली आणि शिवप्रसाद फोटो काढत गेले. प्रत्येक नोंदीला एक ओटीपी येई, आणि तो येई मल्हारच्या फोनवर, परंड्याकडच्या माळावर. सहा आकडे त्यानं शिवप्रसादांना फोनवर सांगितले, सातव्या ओटीपीला मात्र आईला फोनवर बोलावून घेतलं.

"आई, कुणाला काय सांगू नगो! कुणीतरी तुला लुबाडायलंय!"

"गुमान आकडं सांग," म्हाळसाबाई म्हणाली. "कुत्री नावावर करायले."

"किती?"

"अजून बारा ऱ्हायलीत."

मल्हारनं उरलेले बारा आकडे काही न विचारता सांगितले.

गावानं हे सगळं मजेनं बघितलं. महालिंगप्पांनी दुकानातनं बसल्या बसल्या तिला मालकीणबाई म्हणून हाक मारली. श्रीमंतराव टायगरचा फोटो निघताना स्वतः हजर होते. "मावशी, आता चावलं कुणाला तर तुमच्या नावावर बरं का," ते म्हणाले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना मनातनं हलकं वाटलं.

फॉर्मच्या मागच्या बाजूला हमीपत्र होतं. ते कुणीच वाचलं नव्हतं, कारण ते मागच्या बाजूला होतं. म्हाळसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते शिवप्रसादांकडून मोठ्यांदा वाचून घेतलं. गोळी दिल्यावर मालकानं श्वानास दोन दिवस आपल्या जागेत बांधून ठेवावं, त्याची विष्ठा जमा करून खोल पुरावी, श्वानास कच्चं मांस व आतडी घालू नयेत, आणि श्वानास हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत.

"आपल्या जागंत म्हंजी?"

"मालकाच्या," शिवप्रसाद म्हणाले.

"म्हंजी माझ्या."

शिवप्रसादांनी इकडंतिकडं बघितलं. "कागदावर तसंच आहे, मावशी."

तिनं अंगठा उठवला आणि एकोणीस कुत्री घेऊन गायरानाकडं चालू लागली. दावी होती, खुंट्या होत्या, मेंढरं कोंडायची जाळीही होती. गोळ्या भाकरीच्या काल्यात गेल्या. अठरा कुत्र्यांनी गिळल्या. टायगरनं तर शेपूट हलवून दुसरी मागितली. सायबानं मात्र काला खाल्ला आणि गोळी बाजूला काढून ठेवली. तीनदा दिली, तीनदा काढली. गोळी ओली होऊन चुरायला लागली. शिवप्रसादांनी जबडा धरून बघितला. सायबानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते मागं सरले.

"त्यो माझ्याच ताटातलं खातो," दुरून समृद्धी म्हणाली. तिला जवळ यायला बंदी होती.

म्हाळसाबाईनं नातीचं ताट आणलं. नव्या गोळीची पूड करून दूधभाकरीत कालवली आणि ताट सायबापुढं ठेवलं. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. समृद्धीनं हात पुढं केला.

"आता त्ये त्याचं," म्हाळसाबाई म्हणाली. "तुला नवं आणते. आन ह्याच्या तोंडाला तोंड लावलं तर बघ."

समृद्धी रडली. तिला साबणानं हात धुवायला लावलं, तेव्हा आणखी रडली, कारण तिनं कुत्र्याला हातच लावला नव्हता.

मग दोन दिवस म्हाळसाबाई फावडं घेऊन एकोणीस कुत्र्यांच्या मागं फिरत होती. खड्डा कमरेइतका होता. रस्त्यानं जाणारे थांबून बघत, नाकाला उपरणं लावत आणि पुढं जात. आपल्या कुत्र्याचं काय जमिनीत जातंय हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसं, कुत्रं त्यांचं नव्हतं.

शनिवारी सकाळी श्रीमंतराव मक्यात गेले तर अर्धा एकर आडवा होता. रानडुकरांना अडवायला कुणी नव्हतं. त्याच सकाळी वानरांनी महालिंगप्पांच्या पत्र्यावर वाळत घातलेले सांडगे नेले, आणि धुरपदाबाईंनी भाकरीचा शेवटचा कोर टाकायला हात बाहेर काढला तर दारात कुणी नव्हतं. तो कोर त्यांनी परत ताटात ठेवला आणि जेवणच सोडलं.

दहाच्या सुमाराला गाव गायरानात आलं. टायगर श्रीमंतरावांना बघून दाव्याला हिसके द्यायला लागला.

"मावशी, टायगरला सोडा," श्रीमंतराव म्हणाले. "न्यायला आलोय."

"कुणाला इचारून?"

"कुणाला म्हंजी? आमचा कुत्रा हाय."

"तुमचा कुठला, श्रीमंतराव?" म्हाळसाबाईनं फावडं टेकवलं. "तुमच्या तर दारात असतंय. आता माझ्या दारात हाय."

मागं कुणीतरी हसलं. महालिंगप्पा पुढं आले. "म्हाळसाबाई, असं बखेडा करून कसं जमंल? इतक्या वर्षांचा लळा हाय आमचा."

"व्हय का अप्पा? मग परवा तोंडात काय धरलं व्हतं?"

"दूध पाजलंय मी ह्याला!" श्रीमंतराव ओरडले. "लातूरहून टाकीवर बसवून आणलाय! तलाठ्याला चावला तवा—" एवढं बोलून ते थांबले, पण उशीर झाला होता. गर्दीत चार वर्षांनी सगळ्यांना कळलं, जे चार वर्षं सगळ्यांना माहीत होतं.

शिवप्रसादांना बोलावणं गेलं. ते आले आणि म्हणाले की कागद झाला आहे. श्वानाची मालकी बदलायची तर मालकी बदलायचा कागद लागेल, आणि श्वानासाठी असा कागद शासनानं अजून काढलेला नाही. त्यांच्याकडं म्हशीच्या खरेदीविक्रीचा दाखला होता. बराच विचार करून त्यांनी त्यातला 'म्हैस' शब्द खोडून 'श्वान' केला. 'वेत कितवं' या रकान्यात त्यांनी रेघ मारली, आणि 'दूध देण्याची क्षमता' यापुढं 'निरंक' लिहिलं. तो शब्द त्यांना आता सरावाचा झाला होता.

"पण आधी हमीपत्र," म्हाळसाबाई म्हणाली. "सगळ्यांना वाचून दावा. मागची बाजू."

ते वाचलं गेलं. आतडी टाकायची नाहीत, हे ऐकून श्रीमंतरावांनी विचारलं, "मग कापल्यावर टाकायची कुठं?"

"पुरायची."

"एवढं सगळं एका कुत्र्यापायी?"

"मग ऱ्हावू द्या की माझ्याकडं," म्हाळसाबाई म्हणाली.

श्रीमंतरावांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची. धुरपदाबाईंनी अंगठा दिला आणि पिल्लू उराशी घेतलं. शिवप्रसादांनी त्यांना साबण दाखवला, तेव्हा त्यांनी पिल्लाला धुतलं. अप्पांनी आपल्या कुत्र्याचं नाव पहिल्यांदा लोकांसमोर उच्चारलं. ते सोन्या होतं. दुपारपर्यंत अठरा कुत्री अठरा मालकांबरोबर गावात परत गेली, आणि संध्याकाळच्या आत जिल्ह्याला अहवाल गेला. बुधवारी निरंक असलेलं गाव शनिवारी एकोणीसवर कसं पोचलं, असं वरून विचारलं गेलं. शिवप्रसादांनी 'जनजागृती' असं कळवलं. चिंचलोंढीचं नाव इतर गावांपुढं आदर्श म्हणून ठेवायचं ठरलं.

गायरानात आता सायब तेवढा उरला होता. म्हाळसाबाईनं खड्डा बुजवला, वर दगड रचले, कोपरापर्यंत हात धुतले आणि शिवप्रसादांपुढं चहाची कपबशी ठेवली. समृद्धी नव्या ताटात जेवत होती आणि जुन्या ताटाकडं बघत होती.

"मिटलं म्हणायचं, डाक्टर," म्हाळसाबाई म्हणाली. "माझ्या लेकराचं भ्या गेलं."

शिवप्रसादांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत.

"मावशी, गोळीनं आत असलेले जंत मरतात. नवीन यायचे थांबत नाहीत. कुठं काय खाल्लं की परत होतात."

"मग?"

"दर तीन महिन्यांनी द्यावी लागते."

म्हाळसाबाई खाली बसली. "म्हंजी तीन महिन्यांनी परत पंधरवडा?"

"पंधरवडा वर्षातनं एकदाच असतो. तोही पुढच्या साली येईल का, सांगता येत नाही."

"मग तीन महिन्यांनी म्या काय करू? परत एकोणीस कुत्री नावावर?"

"नाही, नाही. त्याला काही लागत नाही. वाशीला जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते की ही गोळी."

"कागद?"

"कागद नाही."

"आधार? फोटू?"

"काही नाही. कुत्र्याचं वजन सांगायचं, ते गोळी देतात."

सायब जागा झाला, जांभई दिली आणि परत झोपला.

"मग हे मला बुधवारीच का न्हाय सांगितलं?"

शिवप्रसादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "परिपत्रकात नव्हतं," ते म्हणाले.

ते दुकान वाशीच्या बसस्टँडसमोर आहे. सोमवारी बंद असतं.